सोल्डरिंग : धुरापासून जपा, हातही धुवा

सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडण्यासाठी ६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेली सोल्डरची तार प्रचलित आहे. ती सुमारे १९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते. सोल्डरिंग आयर्नचे टोक मात्र सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवले जाते. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. दिसणारा धूर तारेतील राळयुक्त फ्लक्सचा असून त्यामुळे दमा जडू शकतो. शिसे मुख्यतः हातांवाटे पोटात जाते. म्हणून खेळती हवा व संरक्षक चष्मा आवश्यक आहे. काम करताना खाणे टाळावे, नंतर साबणाने हात धुवावेत.

बोर्डाचा वीजपुरवठा आधी बंद करावा. बोर्डावरील पॅड व भागाचा पाय एकत्र तापवून सोल्डर त्यांनाच लावावे. दोन-तीन सेकंद पुरतात. आयर्न स्टँडवरच ठेवावे.