हळद दात उजळत नाही

वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या पट्ट्यात हळद शिजवण्याचे दिवस आले, की हळकुंडं निवडणाऱ्या बायांचे तळहात पिवळेजर्द होतात आणि साबणानेही लवकर निघत नाहीत. त्याच घरांत लग्न ठरलेल्या मुलीला सांगितलं जातं, हळदीत खोबरेल तेल कालवून दातांना लाव, आठवड्यात दात शुभ्र होतील. हातांवर जी हळद चढून बसते, ती दातांवरून रंग कसा उतरवील?

या समजुतीच्या बाजूने दोन आधार दिले जातात. पहिला हिरड्यांचा, आणि तो खरा आहे. हळदीतलं कुर्क्युमिन दाह कमी करतं; हळदीच्या गुळण्यांनी हिरड्यांची सूज उतरते, असं लहान चाचण्यांत दिसलं आहे. दुसरा पेटंटच्या लढाईचा. १९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने आपल्या जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. पण ते पेटंट जखम भरून काढण्याबद्दल होतं. तिथे जिंकलं म्हणून दातांचा दावाही सिद्ध झाला, असं होत नाही. परंपरेचीच साक्ष हवी असेल तर सुश्रुतसंहितेचं चिकित्सास्थान पाहावं. दात घासायला तिथे खैर, कडुनिंब, मोह, करंज यांच्या काड्या सांगितल्या आहेत. जोडीला मध, त्रिकटू, सैंधव. दंतधावनाच्या त्या यादीत हळद नाही.

दातांचा रंग दोनच वाटांनी उजळतो. वरचा डाग घासून काढायचा, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने आतल्या रंगकणांचं विघटन करायचं. कुर्क्युमिन यातलं काहीच करत नाही. ते स्वतःच रंगद्रव्य आहे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे खोबरेल तेलात कालवलेली हळद हा रंगच झाला. हळदीच्या मिश्रणाने घासलेल्या ब्रशचे केस पाहिले तरी हे पटेल.

मग काही जणांना फरक दिसतो, तो कशाचा? बहुतेक वेळा त्या मिश्रणात जोडीला घातलेल्या मिठाचा किंवा खायच्या सोड्याचा. खर्रा, मिश्री, चहा यांचे वरवरचे डाग त्या घासण्याने थोडे निघतात आणि श्रेय हळदीला जातं. त्यात लिंबू पिळलं की मात्र मला खरी भीती वाटते. साधारण ५.५ च्या खाली सामू गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो. त्यावर घासलं की कवच झिजतं, आतला मुळातच पिवळसर असलेला थर डोकावू लागतो आणि झिजलेलं कवच पुन्हा येत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरीने दात शुभ्र करायला जावं आणि ते कायमचे पिवळे, ठणकणारे व्हावेत, याचं मला फार वाईट वाटतं.

दातांवर साचलेलं कीटण दंतवैद्यच काढू शकतो. काही डाग तर घासून निघणारेच नसतात. शेजारच्या यवतमाळ आणि जवळच्या नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं असं पाणी बालपणी, दात घडत असताना, पोटात गेलं तर पांढरे-तपकिरी पट्टे कवचातच उमटतात. एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या अनेक मुलांच्या दातांवर असे पट्टे दिसले, तर डबा हळदीचा उघडू नये. त्या बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा.