उसाचा रानटी नातलग

आपण मराठीत साखर म्हणतो, उर्दूत शकर. अरबीत ती सुक्कर झाली आणि इंग्रजीत शुगर. या सगळ्या शब्दांचे मूळ 'शर्करा'. भारतातून इराण, इराणमधून अरब जग आणि तिथून युरोप, असा हा शब्द फिरला. शब्दाचा हा प्रवास अनेकांना माहीत असतो. पण ज्या पिकासोबत तो शब्द फिरला, त्या उसाच्या वंशावळीबद्दल आपण फारसे बोलत नाही. त्या वंशावळीत एका रानगवताचे नाव आहे.

जाड, रसाळ, गोड ऊस मूळचा न्यू गिनीचा. तिथल्या माणसांनी रानउसातून निवडून निवडून तो घडवला आणि माणसांबरोबरच तो बेटाबेटांवरून आशियात आला. भारतात नदीकाठी त्याची एक बहीण आधीपासूनच उभी होती: काश. उर्दू-हिंदीत तिला कांस म्हणतात. पावसाळा सरला की जिचे पांढरे तुरे वाऱ्यावर डोलतात, तीच ही. रस नावापुरता, पण चिवटपणा विलक्षण. थंडी, दुष्काळ, पूर सगळे सोसते. या दोन वंशांचा संकर होऊन उत्तर भारतातले जुने बारीक, काटक ऊस निर्माण झाले, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे ज्याला आपण 'देशी' ऊस म्हणत आलो, तोही पाहुणा आणि यजमान यांच्या सोयरिकीतूनच आलेला.

अरबांनी ऊस मिसर आणि अंदलुसपर्यंत नेला. पुढे अठराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांना पॅसिफिक बेटांवरचे जाड ऊस सापडले. त्यांना ते 'नोबल' म्हणत, म्हणजे खानदानी. मळ्यामळ्यांत हेच ऊस लागले. पण ऊस बियाण्यापासून लावत नाहीत, बेण्यापासून लावतात. प्रत्येक टिपरी म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. हजारो एकर शेत दिसायला मोठे, पण वंशाच्या दृष्टीने ते एकच झाड. त्या एका झाडाला जो रोग सोसत नाही, तो सगळ्या शेताला सोसत नाही.

ही किंमत जावा बेटाला मोजावी लागली. डच अंमलाखाली तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर ऊस सक्तीने लावला जाई. मुख्य जात होती ब्लॅक चेरिबॉन. चेरिबॉन म्हणजे चिरेबोन, जावाच्या उत्तर किनाऱ्यावरची जुनी सल्तनत. १८८० च्या दशकात या उसावर 'सेरेह' नावाचा रोग आला. सेरेह म्हणजे तिथल्या भाषेत गवती चहा, कारण रोगट ऊस तसाच खुजा आणि झुडपासारखा होई. मळे बसू लागले. डोंगरातून निरोगी बेणे आणण्याचा खर्च मोठा होता.

उपाय मिळाला तो रानात. चिरेबोनच्या बाजूला कासूर नावाचा एक ऊस आपोआप वाढत होता. त्याला सेरेह होत नसे. शोध घेतल्यावर कळले की तो ब्लॅक चेरिबॉन आणि तिथला रानटी काश यांचा नैसर्गिक संकर आहे. वाऱ्याने परागकण नेले, माणसाचा त्यात हात नव्हता. गुणसूत्रे मोजली तेव्हा हिशेबही जुळला. गोड उसाची ८०, जावाच्या काशाची ११२. आईने आपली सगळी ८० दिली, बापाने निम्मी म्हणजे ५६. कासूरमध्ये भरली १३६.

कासूर चिवट होता, पण साखर कमी. म्हणून संशोधकांनी त्याचा संकर पुन्हा पुन्हा गोड उसाशी केला. दर पिढीत गोडी वाढली आणि रानाचा चिवटपणा टिकला. येस्वीत यांच्या हाताखाली १९२१ साली पीओजे २८७८ हा वाण तयार झाला आणि काही वर्षांतच जावाचे बहुतेक मळे त्याने व्यापले.

आपल्याकडे हेच काम कोईमतूरला चालले होते. तिथे उसाला तुरा चांगला येतो, म्हणून १९१२ मध्ये संशोधन केंद्र तिथे उभे राहिले. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड उसाचा तिथल्याच काशाशी संकर केला आणि १९१८ मध्ये को २०५ हा वाण उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांना मिळाला. पुढे दख्खनच्या कालव्यांवर जुन्या पुंड्या उसाची जागा घेणारा को ४१९ आला. त्याची आई होती जावाचीच पीओजे २८७८. आज महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेल्या ८६०३२ च्या पूर्वजांतही तीच भेटते. आपल्या गळितातल्या साखरेत चिरेबोनच्या रानाचा अंश आहे तो असा.

या इतिहासातून काळजीची एक गोष्टही निघते. जगभरातले आजचे ऊस मोजक्याच रानटी झाडांपासून तयार झाले आहेत. रानातल्या काशात अजून कितीतरी गुण आहेत, जे कोणी वापरलेले नाहीत. कोईमतूरच्या संस्थेने देशभर हिंडून त्याचे शेकडो नमुने जमवले. पण संग्रहात ठेवलेले झाड बदलत्या हवामानाशी झुंजून नवे गुण कमावत नाही. ते काम नदीकाठीच होते. नदीकाठ मात्र वाळूउपसा, भराव आणि अतिक्रमण यांनी आक्रसत चालले आहेत. काशाला आपल्याकडे तण म्हणतात आणि उपटून टाकतात. शेतातून उपटावेच, शेतकऱ्याला ते परवडत नाही. पण नदीचा काठ तरी त्याच्यासाठी सोडायला हवा. ब्लॅक चेरिबॉनच्या वेळी मदतीला रान होते. पुढच्या रोगाच्या वेळी ते असेल की नाही, हे आपण आजच ठरवत आहोत.