चंबळेचा उतार

मराठ्यांच्या इतिहासात चंबळ येते ती बहुधा ओलांडण्यापुरतीच. १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजा तिच्या काठी अटेरला भदावरच्या राजाशी झुंजल्या. १७६० च्या जूनमध्ये सदाशिवरावभाऊ ती उतरून उत्तरेस गेले. पानिपतानंतर वाचलेले लोक तीच उतरून ग्वाल्हेरीस आले. नदीकडे नदी म्हणून पाहण्यास उसंत कोणास होती?

वस्तुतः तिचे आपले नाते जवळचे आहे. महूनजीकच्या जानापाव टेकडीवर ती उगम पावते आणि ती टेकडी परशुरामाची जन्मभूमी मानली जाते. समुद्र हटवून कोकण वसविणारा तोच हा परशुराम! महाभारतात मात्र रंतिदेवाच्या यज्ञातील चर्मांपासून ती निघाल्याची कथा आहे. चर्मण्वती हे नाव त्यावरूनच. या कथेमुळे लोक तिला अपवित्र मानीत आले. काठची घळईंची बिकट भूमी आणि तेथील दरोडेखोर यांचे भय निराळेच. परिणामी गंगायमुनांच्या मानाने तिचे पाणी निर्मळ राहिले. कलंकच तिचे कवच झाला.

म्हणूनच घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची मासेखाऊ सुसर, येथे टिकली. प्रौढ नराच्या नाकाडावर घड्यासारखा उंचवटा असतो, त्यावरून हे नाव. तिच्यासाठी १९७८ पासून येथे अभयारण्य झाले. हिवाळ्यात आम्ही धौलपूरनजीक नावेत बसलो, तेव्हा पुळणीवर सुसरी ऊन खात निश्चल पडल्या होत्या. नावाड्याने वल्हे थांबविले आणि कोणी शब्द काढला नाही. देवळाच्या गाभाऱ्यासमोर आपण असेच उभे राहतो.

आता ते भय ओसरले आहे. उन्हाळ्याच्या आरंभी मादी ज्या वाळूत अंडी घालते, तीच वाळू चोरून उपसली जाते आणि शहरांतील घरांच्या भिंतींत जाते. १९७२ च्या कायद्याने घडियालास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. परंतु वकिलीच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, गिऱ्हाईक आहे तोवर केवळ बंदीने चोरी थांबत नाही. आणि ते गिऱ्हाईक घर बांधणारे आपणच असतो. आपल्या वाळूचा उगम विचारणे, पुळणीवर पाय न ठेवता दूरूनच दर्शन घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. पूर्वजांनी चंबळ ओलांडली. आपण तिच्या काठी थांबण्यास शिकावे.