पहिली सूचना कोण वाचणार?

घरातला संगणक सुरू करण्यासाठी आपण बटण दाबतो. दिवा लागतो, पंखा फिरू लागतो, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते आणि तिथेच सारे थांबते. कळा दाबून उपयोग होत नाही, माऊस हलवून उपयोग होत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत एकच उपाय चालतो: बटण बंद, पुन्हा चालू. दोन-तीनदा असे केल्यावर कधी कधी संगणक सुरू होतोही. मग नेमके काय बिघडले होते, हे विचारायचे राहून जाते.

तो प्रश्न आपण विचारू या. मात्र त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागेल. संगणक ‘सुरू होतो’ म्हणजे नेमके काय होते?

कोंबडी आधी की अंडे?

संगणक कोणतेही काम करतो ते स्मृतीत साठवलेल्या सूचना वाचून. डिस्कवरची सूचना स्मृतीत आणायची तर तेही एक कामच आहे; त्यासाठीही सूचना हव्यात. बटण दाबले त्या क्षणी स्मृती तर कोरी असते. मग सूचना आणण्याची सूचना कोण देणार?

या पेचामुळेच ‘बूट’ हा शब्द संगणकाच्या भाषेत आला. पाश्चात्त्य देशांतल्या उंच बुटांना ते ओढून चढवण्यासाठी एक पट्टी असते. ती पट्टी धरून माणसाने स्वतःलाच जमिनीवरून उचलावे, अशी ही अशक्य कोटीतली कल्पना आहे. ‘बूटस्ट्रॅप’ या शब्दाचे पुढे ‘बूट’ एवढेच उरले.

या पेचातून वाट काढण्याचे एक ठळक उदाहरण इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात सापडते. मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये ध्वनिलहरींच्या रूपात फिरत असे. वीज गेली की सारे पुसले जाई. डेव्हिड व्हीलर या संशोधक विद्यार्थ्याने त्यासाठी ३१ सूचनांचा एक चिमुकला आज्ञासंच लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तशा फिरत्या स्विचांवर तारा जोडून तो कायमचा बसवला होता. बटण दाबले की या ३१ सूचना स्मृतीत उतरत आणि मग छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरचा खरा आज्ञासंच त्या वाचून घेत.

स्वतःला उचलण्याचे कोडे असे सुटले. यंत्राला आधी थोडेसे, कधीही न पुसले जाणारे ज्ञान द्यायचे. त्याने थोडे अधिक आणायचे, त्या अधिकाने आणखी. म्हणजे ही एक शिडी आहे आणि तिची प्रत्येक पायरी फक्त खालच्या पायऱ्यांच्या भरवशावर उभी असते.

एडसॅकच्याच दिवसांत विल्क्स यांना दुसरीही एक गोष्ट कळली. एरी यांचे अवकल समीकरण सोडवणारा आज्ञासंच त्यांनी लिहिला होता. तो काही केल्या चालेना. पुढे आयुष्यातला बराचसा वेळ स्वतःच्याच आज्ञासंचांतल्या चुका शोधण्यात जाणार, हे तेव्हा जिन्यात थबकलेल्या क्षणी आपल्याला उमगले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तो आज्ञासंच १२६ ओळींचा होता आणि त्यात सुमारे २० चुका होत्या.

बोटांनी भरलेली शिडी

घरच्या संगणकाची कहाणी सुरू होते ती १९७५ साली. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पुढच्या बाजूला खटक्यांची आणि दिव्यांची ओळ तेवढी होती. शिडीची पहिली पायरी माणसालाच बोटांनी भरावी लागे: एकेका सूचनेसाठी आठ खटके वर-खाली करायचे, ती स्मृतीत ठेवायची, मग पुढची. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार केली तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. ती दाखवायला ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरण्याच्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की बेसिक तर कागदी पट्टीवर आहे, पण पट्टी वाचायला यंत्राला सांगणाऱ्या सूचना लिहायच्याच राहिल्या आहेत! त्या त्यांनी विमानातच बसल्या बसल्या कागदावर लिहून काढल्या.

या यंत्रात एक सोय मात्र होती. अडले तर कुठे अडले, हे समोरच्या दिव्यांवर दिसे.

तोंड फुटण्याआधीचा आवाज

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल काँप्युटर’ बाजारात आणला. त्यातले खटके आणि दिवे गेले. पहिल्या पायरीच्या सूचना आता ‘रॉम’ या न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये होत्या. या सूचनासंचाचे नाव ‘बायॉस’. त्याची जागा होती ८ किलोबाइट.

या संगणकाचा ८०८८ हा प्रक्रियक २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ इतके पत्ते ओळखू शकत असे. बटण दाबताच तो या पत्त्यांच्या शेवटून १६ घरे आधीच्या ठरलेल्या पत्त्यावर जाई. तिथे बायॉसचा पत्ता लिहिलेला असे. बायॉसचे पहिले काम म्हणजे स्वतःची आणि घराची तपासणी. आधी प्रक्रियक ठीक आहे का? मग रॉममधल्या सर्व आकड्यांची बेरीज ठरल्याप्रमाणे येते का? मग स्मृतीचा पहिला तुकडा, पडद्याचे कार्ड, उरलेली स्मृती, कळफलक आणि डिस्क.

इथे एक अडचण होती. पडद्याचे कार्डच बिघडले असेल तर ते सांगायचे कसे? पडद्यावर लिहिता येत नाही. म्हणून बायॉस छोट्या स्पीकरचा आधार घेई. आयबीएमच्या संकेतात एक छोटी शिटी म्हणजे सारे ठीक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रडण्यावरून आई त्याचे दुखणे ओळखते, तसाच हा प्रकार. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले बायॉस बनवले आणि शिट्यांचे संकेतही बदलत गेले.

तपासणी संपली की बायॉस डिस्कवरचा पहिला तुकडा स्मृतीत आणून त्याच्या हाती कारभार सोपवी. हा तुकडा फक्त ५१२ बाइटचा. आजच्या युनिकोड पद्धतीने त्यात देवनागरीची जेमतेम १७० चिन्हे मावतील! एवढ्याशा सूचनांनी पुढची सारी कार्यप्रणाली आणायची. बायॉस हा तुकडा निमूटपणे चालवतो, त्याचा हेतू विचारत नाही. १९८६ साली लाहोरमध्ये तयार झालेल्या ‘ब्रेन’ या विषाणूने नेमकी हीच जागा पटकावली होती.

खोडरबराचा धडा

आम्ही कॉलेजात असताना, १९९९ साली, घरी जुळवणी केलेला एक संगणक घेतला. पहिल्याच पावसाळ्यात तो सुरू होईना. बटण दाबले की पडदा काळा आणि आतून लांबच लांब शिट्या, पुन्हा पुन्हा. बहिणीचा प्रकल्प-अहवाल त्यातच अडकलेला होता आणि तो दोन दिवसांत द्यायचा होता. आम्ही खोके उघडले, दिसेल ती तार आणि दिसेल ते कार्ड काढून पुन्हा बसवले. संगणक सुरू झाला! आमची कॉलर ताठ. चौथ्या दिवशी पुन्हा त्याच शिट्या.

मग दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी खोके उघडण्याआधी दोनदा बटण दाबून नुसत्या शिट्या ऐकल्या. वीज काढली, स्मृतीची एकच पट्टी बाहेर काढली आणि तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी मुलाचे असते तसले खोडरबर हलकेच फिरवले. दमट हवेत त्या कडेवर मळाचा पातळ थर चढला होता आणि विजेचा संपर्क नीट होत नव्हता. पट्टी परत बसवली, संगणक सुरू.

आम्ही दहा गोष्टी एकदम बदलल्या होत्या. त्यांतल्या कशाने काम झाले, हे कळण्याचा मार्गच आम्ही बंद करून टाकला होता. काकांनी आधी लक्षणावरून अंदाज बांधला, मग एकच गोष्ट बदलली आणि अंदाज तपासला. प्रयोगशाळेत आम्ही पुढे जे शिकलो ते याहून वेगळे नव्हते.

एकेक पायरी

हीच शिस्त हळूहळू कार्यप्रणालीतही आली. १९९३ सालच्या एमएस-डॉस ६ मध्ये सुरुवातीला एफ-५ ही कळ दाबली की वरून जोडलेल्या साऱ्या गोष्टी वगळून संगणक सुरू होई. एफ-८ दाबली तर ‘ही ओळ चालवू का?’ असे तो एकेका ओळीला विचारी. १९९५ सालच्या विंडोज ९५ मध्ये ‘सेफ मोड’ आला. त्यात अगदी आवश्यक तेवढेच चालक-आज्ञासंच घेऊन संगणक सुरू होतो. तो तसा सुरू झाला तर दोष गाळलेल्या भागात असण्याची शक्यता मोठी. नाही झाला, तर मुळातल्या भागांकडे वळायचे.

समजा, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे १६ आज्ञासंच आहेत आणि त्यांतला एकच दोषी आहे. एकेक बंद करून पाहिले तर १५ वेळा प्रयत्न करावे लागू शकतात. निम्मे बंद केले, मग उरलेल्या संशयितांतले निम्मे, असे करत गेलो तर चार प्रयत्नांत गुन्हेगार सापडतो. वर्गात मुलांना हे गणित ‘मनातली संख्या ओळखा’ या खेळातून सहज समजते.

पण दोष नेहमी एकाच भागात असतो असे नाही. १९९८ च्या सुमारास एएमडी कंपनीचे के-६-२ हे प्रक्रियक ३५० मेगाहर्ट्झ आणि त्याहून अधिक वेगाचे झाले, तेव्हा त्यांच्यावर विंडोज ९५ सुरू होता होताच अडू लागले. यंत्राचा प्रत्येक भाग ठणठणीत होता. घोटाळा असा होता: यंत्र किती वेगवान आहे हे जाणण्यासाठी विंडोज एक निरर्थक फेरी ठरावीक वेळा मारून लागलेला वेळ मोजत असे आणि त्या वेळेने भागाकार करत असे. नव्या प्रक्रियकाने फेऱ्या इतक्या झटपट उरकल्या, की तो भागाकारच कोसळला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली; पण नुसते सुटे भाग बदलत बसलेल्या माणसाला हे कारण कधीच सापडले नसते.

८५ लाख संगणक

आता हे सारे जुने झाले, असे वाटेल. बायॉसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. शिट्या बऱ्याच संगणकांतून गेल्या आणि पायऱ्या चिन्हाच्या चित्रामागे लपल्या. पण १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. तिच्यासाठी २१ माहिती-घटक लागत होते, तर ती वाचणारा आज्ञासंच २० च पुरवत होता. २१ वा घटक वाचताना तो स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि विंडोज कोसळले. हा आज्ञासंच सुरुवातीलाच चालणारा असल्याने संगणक पुन्हा सुरू केला की पुन्हा तिथेच कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक असे अडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

कंपनीने चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण जे संगणक आधीच अडले होते, त्यांतले बहुतेक जाळ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळत होते. त्यांच्यापर्यंत दुरुस्ती जाणार कशी? शेवटी माणसे एकेका यंत्रापाशी गेली, सेफ मोडमध्ये ते सुरू केले आणि ती एक फाइल पुसली.

शाळेतल्या संगणकापाशी

म्हणून अडलेल्या संगणकाला पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ असा विचारू नये. ‘शेवटचे काय नीट झाले?’ असे विचारावे. दिवाही लागला नाही, तर विजेकडे पाहा. पंखा फिरतो पण पडदा काळाच, तर आधी पडद्याची तार आणि मग स्मृतीची पट्टी. डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर विसरून लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कची जोडणी पाहा. चिन्ह येऊन अडले, तर सेफ मोड. सारे दिसू लागल्यावर अडले, तर आपोआप सुरू होणारे आज्ञासंच. खोके उघडण्याआधी वीज काढायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. विजेचा पुरवठा करणारी आतली पेटी मात्र कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात घातक दाब राहू शकतो.

शाळेतल्या संगणकाशेजारी एक वही ठेवून पाहा. संगणक अडला की मुलांनी तारीख, शेवटी दिसलेली किंवा ऐकू आलेली गोष्ट, बदललेली एकच गोष्ट आणि तिचा परिणाम एवढेच लिहायचे. जमले नाही तरी लिहायचे. वर्षअखेरीस ती वही वर्गात मोठ्याने वाचा आणि कोणता अंदाज का चुकला, हे मुलांनाच सांगू द्या.