फादर एलेरा यांच्या नावाची सापसुरळी

वसईकरांना मनिला हे शहर परके नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया तेथेच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले व तेथूनच जपानला गेले. त्याच मनिलातील एका डॉमिनिकन धर्मगुरूंचे नाव एका सापसुरळीला मिळाले आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सापसुरळीला आपल्याकडे कोठे कोठे 'सापाची मावशी' म्हणतात. फिलिपाइन्समधील 'ब्राकिमेलेस' वंशाच्या सापसुरळ्यांना ते नाव अधिकच शोभावे. भुसभुशीत मातीत, कुजक्या ओंडक्यांखाली त्यांचा वास. तेथे पायांची अडचणच होते. अंगाला वळसे देत त्या जणू मातीत पोहतात. लक्षावधी वर्षांच्या ओघात त्यांचे पाय आखूड झाले, बोटे घटली, काही जातींत तर पाय उरलेच नाहीत. (याच वंशातील काहींना गेलेले पाय पुन्हा लाभले असावेत, असा अलीकडच्या शास्त्रज्ञांचा कयास आहे. आम्हांला याचे फार नवल वाटते.)

फादर कास्तो दे एलेरा (१८५२-१९०३) हे १६११ साली स्थापन झालेल्या सांतो तोमास विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ. तेथील संग्रहालयही ते सांभाळीत. १८९५-९६ साली त्यांनी फिलिपाइन्सच्या समग्र प्राणिसृष्टीची सूची तीन खंडांत प्रसिद्ध केली. लवकरच स्पेनची सत्ता गेली, अमेरिकेची आली. १९१२ साली शिक्षक म्हणून आलेल्या एडवर्ड टेलर या अमेरिकन तरुणाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा विलक्षण नाद होता. उत्तर लुझोनमधील बालबालान येथे सापडलेल्या एका नव्या सापसुरळीचे वर्णन त्याने १९१७ साली छापले आणि तिला 'एलेराय' हे नाव दिले. नव्या राजवटीतील माणसाने जुन्या राजवटीतील धर्मगुरूंची अशी आठवण ठेवावी, हे आम्हांला मोठ्या मनाचे वाटते.

नवी जात नोंदविताना जो प्राणी पाहून तिचे वर्णन केले जाते, तो मूळ नमुना म्हणून जपतात. पुढे शंका आली, तर त्याच्याकडेच परतावे लागते. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत ब्युरो ऑफ सायन्सची इमारत ग्रंथालयासह जळाली. टेलरने जमविलेले कितीतरी नमुने त्यात गेले. त्या महिन्यात शहरातील सुमारे एक लाख नागरिक प्राणास मुकले. बरण्यांतील सापसुरळ्यांसाठी रडायला कोणाला सवड असणार? तरीही हानी खरी होती. उरली ती छापील वर्णने व पूर्वीच अमेरिकेतील संग्रहालयांत पोहोचलेले काही नमुने. बेटाबेटांवरील निरनिराळ्या सापसुरळ्या दीर्घकाळ मोजक्याच नावांखाली मोडत राहिल्या.

हा गुंता अलीकडे सुटू लागला. टेलरने पुढे ज्या कॅन्सस विद्यापीठात अध्यापन केले, तेथील संशोधक फिलिपिनो सहकाऱ्यांसह पुन्हा रानात उतरले. २००९ साली मध्य लुझोनमधून 'मुंतिंगकामाय' ही जात नोंदली गेली. २०१० साली बिकोल भागातून 'लुकबानी', जिला पाय मुळीच नाहीत. २०१६ साली ताब्लास बेटावरून 'दालावांगदालिरी'. एके काळी पंधराच्या आसपास असलेली या वंशातील जातींची संख्या आता चाळिशीपलीकडे गेली आहे. यांतील दोन नावे तर थेट तागालोग भाषेतली: पहिल्याचा अर्थ 'इवलासा हात', दुसऱ्याचा 'दोन बोटे'.