मुळावरच्या गाठींची कुळकथा

हरभरा पेरायच्या आधी बियाण्याला काळी भुकटी चोळतात. २५० ग्रॅमचे पाकीट, दहा किलो बियाण्याला एक. गूळ घालून पाणी उकळायचे, पूर्ण थंड झाले की बियाण्यावर शिंपडायचे, भुकटी हलक्या हाताने, साल न निघेल अशी चोळायची, बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरून टाकायचे. भुकटी बहुतेकदा लिग्नाइटची असते. पण पैसे मोजायचे ते तिच्यातल्या रायझोबियम जिवाणूंसाठी. या पाकिटाचे कूळ शोधत मागे गेले, की एका फार काळजीपूर्वक केलेल्या आणि नेमक्या त्या काळजीनेच फसलेल्या प्रयोगापाशी येऊन थांबावे लागते.

शेंगांच्या पिकांचा जमिनीवरचा परिणाम शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. पहिल्या शतकातल्या रोमन कोलुमेलानेही शेतीवरच्या ग्रंथात जमिनीचा कस वाढवणारी पिके म्हणून कडधान्यवर्गातल्या वनस्पती नोंदवल्या आहेत. मुळावरच्या गाठीही लपलेल्या नव्हत्या. इटलीच्या माल्पिगीने १६७९ मध्ये त्यांचे चित्र काढले, पण त्याला ती मुळाची विकृती वाटली. बेवड आणि गाठ यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कळायला पुढे दोनशे वर्षे गेली.

१८३८ मध्ये फ्रान्सच्या बुसिंगोने क्लोव्हर आणि वाटाणा कुंड्यांत वाढवून दाखवले, की त्यांच्यात बियाणे आणि माती यांनी दिला त्याहून जास्त नत्र जमतो. गहू आणि ओट यांच्यात तसे होत नाही. मग हा जादा नत्र हवेतून येतो का? याचा कायमचा निकाल लावायचे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या लॉज आणि गिल्बर्ट यांनी ठरवले. अमेरिकेहून आलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ इव्हान प्यू त्यांच्या मदतीला होता. १८५७-५८ मध्ये त्यांनी रोपे काचेच्या झाकणाखाली वाढवली. आत जाणारी हवा आम्लातून धुऊन घेतली, म्हणजे अमोनियाचा अंशही शिरू नये. माती आधी तापवून लाल केली, म्हणजे तिच्यात नत्राचा कणही उरू नये. निष्कर्ष निघाला: वनस्पती हवेतला नत्र घेत नाहीत. प्रयोग इतका चोख होता, की बहुतेकांनी तो मान्य केला.

मातीबरोबर तिच्यातले जिवाणूही भाजले गेले होते. ज्याचा शोध घ्यायचा तोच त्यांनी पहिल्याच पायरीवर मारून टाकला होता. यात त्यांचा हलगर्जीपणा मुळीच नव्हता. मातीत जिवंत काही असेल आणि पिकाला त्याची गरज असेल, ही कल्पनाच तेव्हा फारशा कुणाच्या डोक्यात नव्हती.

उत्तर मिळाले जर्मनीत, बर्नबुर्गला. हेल्रिगेल आणि विल्फार्थ वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवत होते. ओट आणि बार्लीला जेवढे नायट्रेट द्यावे तेवढी ती वाढत. वाटाणा मात्र हिशेबात बसेना. एकाच दिवशी लावलेल्या, नत्र न दिलेल्या कुंड्यांत काही रोपे पिवळी पडून खुरटत, तर शेजारची काही दिवस उपाशी राहून अचानक हिरवीगार होत. दुसऱ्या कुणी हा नमुन्यांतला दोष मानून सोडून दिला असता. या दोघांनी तो धरून ठेवला, आणि मला या कथेत सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते. त्यांनी निर्जंतुक वाळूत मातीचे पाणी थोडेसे ओतले, वाटाणा फोफावला आणि मुळांवर गाठी आल्या. तेच पाणी उकळून ओतले, काहीच झाले नाही. ल्युपिन या त्याच वर्गातल्या पिकाला मात्र वाटाण्याला चाललेल्या मातीचे पाणी चालेना. त्याला त्याचीच माती लागली. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत हेल्रिगेलने हे मांडले. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. रॉथमस्टेडच्या वयोवृद्ध जोडीने प्रयोग पुन्हा केले आणि नवा निष्कर्ष स्वीकारला.

मग पाकीट निघायला वेळ लागला नाही. १८९६ मध्ये नोब्बे आणि हिल्टनर यांचे ‘नायट्रॅजिन’ बाजारात आले: काचेच्या बाटलीत वाढवलेले जिवाणू, आणि पिकागणिक बाटली वेगळी. पण पुष्कळदा बाटलीतले जिवाणू शेतात जाईपर्यंत मरत. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर यांनी ते कापसावर वाळवून शेतकऱ्यांना टपालाने पाठवले. वाळवण्यातच ते मेले. जिवाणू वाहून न्यायला ओलावा धरणारी भुकटी हवी, हे अशा फसगतींतून कळले.

भारतात या जिवाणूंवरचे सुरुवातीचे काम बिहारमधल्या पुसा इथे एन. व्ही. जोशी यांनी केले. ते १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. पण पाकिटाची खरी निकड भासली ती १९६०च्या दशकात पिवळे सोयाबीन आले तेव्हा. पंतनगर आणि जबलपूरला त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. हरभऱ्याचे जिवाणू आपल्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या होते, सोयाबीनचे बहुतेक ठिकाणी नव्हते. म्हणून बियाण्याबरोबर तेही द्यावे लागले.

जिवाणू मुळाला ओळखतो कसा, ते याच्याही नंतर उलगडले. मूळ काही रसायने मातीत सोडते, जिवाणू त्यांना आपल्या रसायनाने उत्तर देतो. उत्तर जुळले तर मूळरोम वाकून त्याला वेढतो आणि आत येऊ देतो. रोप साखर पुरवते, जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करून देतो. कारखान्यात याच कामासाठी चारशे अंशांहून जास्त उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणूच्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून गाठीत ऑक्सिजन धरून ठेवणारे लाल द्रव्य असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले.

तेव्हा फुले लागायच्या सुमारास हरभऱ्याचे एखादे रोप उपटू नका, कुदळीने ढेकळासकट काढा आणि माती पाण्यात सोडवा. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर पुढच्या वर्षी पाकिटावरचा पिकाचा गट आणि अंतिम तारीख वाचूनच ते घ्या, बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी चोळा, आणि युरियाचा हात आखडता ठेवा. जमिनीत नत्र आयता मिळाला, की रोप गाठी धरत नाही.