शेगडीची ज्योत पिवळी का पडते? सिलिंडर, पाइप गॅस आणि बर्नरचे बिघाड

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी, स्थिर आणि बर्नरच्या भोकांना धरून जळणारी असावी. ती पिवळी पडली, बारीक झाली किंवा फडफडू लागली, तर बहुतेक वेळा ‘गॅसच खराब आला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बिघाड बऱ्याचदा शेगडीत असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात याला आणखी एक कारण आहे. इथे काही इमारतींत महानगर गॅसची पाइपलाइन पोहोचली आहे, तर काही घरांत अजून सिलिंडरच आहे. घर बदलले की शेगडीही एका गॅसवरून दुसऱ्या गॅसवर जाते. मात्र दोन्ही गॅससाठी तीच शेगडी आहे तशी चालत नाही.

निळी ज्योत कशी तयार होते?

सिलिंडरमधील एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. रेग्युलेटर त्याचा दाब सुमारे ३० मिलिबारपर्यंत खाली आणतो. पुढे बटणामागच्या जेटच्या बारीक भोकातून गॅस वेगाने बाहेर पडतो आणि जाताना आजूबाजूची हवा बर्नरच्या नळीत ओढून घेतो.

एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते. तिचा काही भाग नळीतच मिसळतो, उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. हवा कमी पडली की कार्बनचे न जळलेले सूक्ष्म कण तापून पिवळे दिसतात. हेच कण भांड्याच्या बुडाला काजळी म्हणून बसतात. अशा अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. बंद खिडक्यांच्या लहान स्वयंपाकघरात किंवा प्रवासी व्हॅनमध्ये पिवळ्या ज्योतीकडे दुर्लक्ष करू नये, ते यासाठीच.

आधी पाहा: एक बर्नर की सगळे?

एकाच बर्नरची ज्योत बिघडली असेल, तर दोष त्या बर्नरमध्ये, त्याच्या नळीत किंवा जेटमध्ये असतो. सगळ्या बर्नरची ज्योत एकदम बिघडली असेल, तर रेग्युलेटर, रबरी नळी, सिलिंडर किंवा पाइपलाइनचा पुरवठा तपासावा लागतो.

लक्षण आणि कारण

- पिवळी, लांब ज्योत आणि काजळी: हवा कमी पडते आहे. बर्नरच्या नळीत धूळ, जाळे किंवा झुरळांची घाण असू शकते. उतू गेलेल्या दुधाने भोके बुजलेली असतात किंवा टोपी नीट बसलेली नसते.
- निळ्या ज्योतीत अधूनमधून नारिंगी ठिणग्या: हवेतील धूळ किंवा सांडलेले मीठ जळत असते. थोड्या वेळात थांबल्यास काळजीचे कारण नाही.
- ज्योत बर्नरपासून उचललेली, फरफर आवाज: हवा किंवा दाब जास्त आहे.
- ज्योत आत, नळीत जळते आणि घुमल्यासारखा आवाज येतो: बटण लगेच बंद करावे. बर्नर थंड झाल्यावर टोपी नीट बसवून पाहावे.
- सगळे बर्नर मंद: सिलिंडर संपत आला आहे, नळी दुमडली आहे किंवा रेग्युलेटर बिघडला आहे.

बर्नर थंड झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुवावा, ब्रशने भोके मोकळी करावीत आणि पूर्ण वाळवूनच बसवावा. ओला बर्नर फडफडतो. जेटच्या भोकात मात्र सुई किंवा तार घालू नये. जेट पितळेचे असते आणि भोक थोडे जरी रुंदावले, तरी गॅस जास्त येऊन ज्योत कायमची पिवळी पडते.

सिलिंडर आडवा करून किंवा गरम पाण्यात ठेवून उरलेला गॅस काढणेही धोक्याचे आहे. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस थेट रेग्युलेटरमध्ये जाऊ शकतो.

सिलिंडरवरून पाइपवर जाताना

पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानाचा एलपीजी त्याच्या सुमारे अडीच पट उष्णता देतो. शिवाय घरगुती पाइप गॅसचा दाबही कमी, साधारण २१ मिलिबार असतो. म्हणून पाइप गॅससाठी जेटचे भोक मोठे लागते.

सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली, तर ज्योत अगदी बारीक येते आणि डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो. उलट बदल जास्त घातक ठरतो. पाइपसाठी बदललेली शेगडी सिलिंडरला जोडली, तर मोठ्या भोकातून भरमसाट गॅस येऊन उंच, पिवळा जाळ उठतो. त्यामुळे जुनी शेगडी घेताना किंवा घर बदलताना ती कोणत्या गॅसवर चालत होती हे आधी विचारावे. जेट बदलण्याचे काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे.

पुराचे पाणी घरात आल्यावर

जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचे पाणी बदलापुरात शिरले होते. अशा पाण्यात बुडालेला रेग्युलेटर वरून वाळला तरी वापरू नये. दाब नियंत्रित करणारा त्यातील पडदा आणि हवेचे छिद्र गाळाने अडू शकते. तो वितरकाकडून बदलून घ्यावा. शेगडीच्या नळ्यांतील गाळही मेकॅनिककडून साफ करून घ्यावा.

वास आला तर

ज्योत तपासताना गॅसचा वास आला, तर दुरुस्ती तिथेच थांबवावी. रेग्युलेटर किंवा पाइपची कळ बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नैसर्गिक वायू छताकडे जातो. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे. पाइप गॅससाठी बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर, घराबाहेर येऊन फोन करावा. एरवी नळीच्या जोडावर संशय असेल, तर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही तपासू नये.